जुईचं नको

जुईला एखादी वस्तू नको असली की ती पालथी घालते. वाटी असो, चप्पल असो, टीव्हीचा रिमोट असो. डोळे भलतीकडं असतात, चेहऱ्यावर राग नसतो; हात तेवढा पुढं येतो, वस्तू उलटी करतो आणि परत जातो. वाटीत आमटी असली तरी हाच नियम, त्यामुळं आमच्याकडं पाहुणे जरा जपूनच बसतात. हवं असलेलं मागायची तिची रीतही ठरलेली आहे: आपलं मनगट धरते आणि आपला तळहात त्या वस्तूवर नेऊन ठेवते. नऊ वर्षांची आहे, तोंडानं एक शब्द उच्चारत नाही. पण हो आणि नको इतकं स्वच्छ सांगणारं दुसरं माणूस मी आमच्या आख्ख्या खानदानात पाहिलेलं नाही.

कराडमधल्या स्वमग्न मुलांचे आईबाप महिन्यातून एका रविवारी जमतात, तिथंही मी हेच सांगते. नवे पालक येतात ते रामबाण उपाय मिळेल म्हणून. मी त्यांना म्हणते, आधी घरातल्या कुकरच्या शिट्टीचं बघा. शर्टाच्या मानेमागचं टोचणारं लेबल कापून टाका. बाहेर न्यायचं असेल तर कुठं, कशातनं आणि परत कधी, हे चित्रं काढून आधी दाखवा. 'माझ्याकडं बघ' म्हणत पोराची हनुवटी वर उचलू नका; न बघताही ऐकता येतं. आणि प्रश्न विचारलात की तोंड मिटून बसा. तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा टाकलात, की त्या पोराच्या लेखी तो नवा प्रश्न होतो आणि आधीच्याचं उत्तर अर्ध्या वाटेवर राहतं. बहुतेक सगळे इथंच आपटतात. आपल्या माणसाला शांतता सोसत नाही. जरा कुठं गप्प झालं की लगेच, "बाकी काय विशेष?"

आमचं घर गिरणीच्या वर आहे. गिरणी माझा नवरा शार्दूल चालवतो. जुईला कुकरची शिट्टी सहन होत नाही, पण गिरणीची घरघर तिला प्राणाहून प्यारी. शाळेतून आली की ती खाली जाते, गव्हाच्या पोत्यावर बसते, भिंतीला पाठ टेकते आणि ती थरथर अंगात मुरवत राहते. बापलेक तासन् तास न बोलता सुखात असतात. वर माझ्या सासूबाई सुवर्णाताई असतात, त्यांना मात्र न बोलणारं माणूस म्हणजे उपाशी माणूस वाटतं, आणि उपाशी माणसाला वाढायचं असतं.

मग आमच्या घरात वाचापट्टी आली.

कपाळावर बांधायची ही मऊ कापडी पट्टी. आतल्या बाजूला मसुरीच्या डाळीएवढे दिवे असतात. त्यांचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण कवटीतून थोडा आत शिरतो आणि परत येतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडं ताजं, प्राणवायूनं भरलेलं रक्त धाव घेतं, आणि असं रक्त तो प्रकाश वेगळ्या प्रमाणात शोषतं. दिव्यांच्या मधे बारीक धातूच्या टिकल्या असतात, त्या मेंदूतली वीज टिपतात. प्रकाश आणि वीज मिळून सांगतात की आत कुठं काय चाललं आहे.

पण मेंदूत वाक्यं लिहिलेली नसतात. तिथं असते ती नुसती लाट: ओढीची, कंटाळ्याची, भुकेची, भीतीची. त्या लाटेचं वाक्य करायचं काम दुसऱ्या यंत्राचं. ते बोलायला शिकलं होतं महाराष्ट्रातल्या हजारो घरांमधून. ज्यांनी परवानगी दिली त्या घरांतल्या लहानमोठ्यांच्या, आल्यागेल्यांच्याही कपाळावर पट्ट्या बांधल्या, भिंतींवर कॅमेरे लावले, आणि रोजचं जगणं टिपून घेतलं. अमुक लाट उठली, समोर अमुक चाललं होतं, तेव्हा ते माणूस काय म्हणालं, हे यंत्रानं पाठ केलं. आता न बोलणाऱ्या मुलाच्या डोक्यात तशीच लाट दिसली की यंत्र अंदाज बांधतं आणि गळ्यातल्या पदकाएवढ्या स्पीकरमधून गोड आवाजात बोलतं.

पहिल्याच संध्याकाळी जुईच्या गळ्यातला स्पीकर म्हणाला, "बाबा, तुम्ही मला आवडता."

शार्दूलनं गिरणी बंद केली. दारात गिऱ्हाइकं डबे घेऊन उभी होती, त्यांच्याकडं त्याचं लक्षही नव्हतं. पापण्यांवर पीठ साचलेलं, आणि त्यातून पाण्याच्या रेघा उतरत होत्या. सासूबाईंना "आजी" मिळालं, मला "आई, भूक लागली" मिळालं. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं जिच्या आवाजाची नुसती कल्पना केली तिचा आवाज घरात फिरत होता. महिनाभरात शाळेतल्या बाई म्हणू लागल्या, "जुई किती शहाणी झालीय हो! कशालाही नाही म्हणत नाही."

हे वाक्य मला त्या दिवसापासून टोचत होतं. माझी मुलगी, आणि कशालाही नाही म्हणत नाही?

दिवाळीनंतर पट्टी बनवणाऱ्या कंपनीचा माणूस घरी आला. अभिजात रणदिवे त्याचं नाव. त्यानं टेबलावर एक पारदर्शक डबी ठेवली, आत रेशमाच्या चिंधीसारखी जाळी. म्हणाला, पट्टी घामानं सरकते, केसांनी अडते, म्हणून आता ही जाळी कवटीच्या आत, मेंदूच्या अंगावर पसरायची. मग जुई दिवसरात्र, स्पष्ट बोलेल. राज्यातल्या मोजक्या मुलांची निवड झाली होती, त्यात ती होती.

"परत काढता येते का?" मी विचारलं.

"काही महिन्यांत ती मेंदूच्या आवरणात मिसळून जाते. काढायची गरजच पडत नाही."

"गरज नाही विचारली. येते का?"

"नाही," रणदिवे हसत म्हणाला. त्याचं हसू कसलंही उत्तर देताना तेवढंच राहायचं.

शार्दूलनं संमती दिली. मी दिली नाही. असं आईबापात दुमत झालं की सात वर्षांवरच्या मुलाचं मत घ्यायचं, असा आता कायदा आहे. प्रकरण बालसंमती समितीपुढं जातं. आणि न बोलणाऱ्या मुलाचं मत म्हणून वाचापट्टीचा आवाज धरला जातो. म्हणजे जाळी बसवायची की नाही हे जाळी विकणाऱ्याच्या पट्टीला विचारायचं! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्यासारखंच हे. त्यांनी फक्त त्याला कायद्याची भाषा दिली होती.

शार्दूल मला म्हणाला, "हेमा, तिला बोलता येईल. तुला ते नकोय का?"

"मला तिनं बोललेलं हवंय."

"मग आता दुसरं कोण बोलतंय?"

याचं उत्तर मिळालं उंब्रजला, एका साखरपुड्याच्या पंगतीत.

शार्दूलच्या आत्तेभावाच्या मुलीचा साखरपुडा होता. मी जुईला चित्रं दाखवून तयार केलं होतं: गाडी, मांडव, जेवण, पुन्हा गाडी. कानावर आवाज रोखणारे हेडफोन होते. बिचारी शहाण्यासारखी पानावर बसली. तेवढ्यात शार्दूलची आत्या श्रीखंडाचं पातेलं घेऊन आली. जुईला गार आणि बुळबुळीत काही चालत नाही, ओठाला लागलं तरी ओकारी येते. तिनं वाटी पालथी घातली.

स्पीकर म्हणाला, "थोडंसं वाढा ना."

पंगत खूश झाली. "बघा बघा, कशी गोड बोलते!" आत्यानं वाटी सरळ केली आणि डाव भरून वाढलं. जुईनं पुन्हा पालथी घातली. पानभर श्रीखंड पसरलं.

"लाजतीस व्हय गं? घरचंच कार्य हाय की," म्हणत आत्यानं पुन्हा वाटी सरळ केली.

"बरं, तुम्ही म्हणताय तर एक चमचा," स्पीकर म्हणाला.

मी उठून पोचेपर्यंत आत्यानं चमचा तिच्या ओठाला लावलासुद्धा. जुई किंचाळली. स्वतःचा हात दातांत धरून आडवी पडली, डोकं जमिनीवर आपटायला लागली. लोक पानावरून उठले. कुणीतरी म्हणालं, "स्वतःच मागितलं, आणि आता बघा नाटकं." मी तिला उचलून गाडीत नेलं, काचा चढवल्या, जाड गोधडी अंगावर टाकून तिला घट्ट दाबून धरलं, तिला तेवढंच बरं वाटतं. तिच्या हातावर दातांचे व्रण उठले होते, अंग थडथड उडत होतं. आणि तिच्या गळ्यातला आवाज मधासारखा म्हणत होता, "सॉरी हं आत्याआजी. श्रीखंड छान झालंय."

मी तो स्पीकर उपटून डिकीत फेकला.

दुसऱ्या दिवसापासून मी घरी परीक्षा घ्यायला लागले. जुईला केळ्याचा वाससुद्धा सहन होत नाही. तिला पट्टी बांधायची, ताटलीत केळं ठेवायचं, विचारायचं आणि गप्प बसायचं. ती ताटली पालथी घालायची. पट्टी म्हणायची, हो. कारल्याला हो, केस कापायला हो, दाताच्या डॉक्टरला हो. मी प्रणवला फोन लावला.

प्रणव माझा धाकटा दीर. पुण्यात त्याच कंपनीत भाषेच्या विभागात आहे, यंत्राला मराठी शिकवणाऱ्यांतला एक. सरळ मुलगा. शनिवारी आला आणि म्हणाला, "वहिनी, जुईच्या डोक्याशी पट्टीचं जुळलं नसेल. माझा नमुना यंत्रात आहे, आम्ही सगळ्यांनी आधी स्वतःवरच तपासलीय. मी बांधतो, तुम्ही बघा." त्यानं पट्टी बांधली. स्पीकर टेबलावर ठेवला. तेवढ्यात सासूबाईंनी पुरणपोळ्या वाढायला घेतल्या. लेक पुण्याहून आलेला, मग काय!

चौथ्या पोळीला प्रणवनं ताटावर दोन्ही हात धरले. "आई, खरंच नको. आता पोट फुटेल."

स्पीकर म्हणाला, "अर्धी वाढ. तूप घाल वर."

सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले. "बघ! म्या म्हणतच हुते. मनात असतंय, तोंडानं न्हाई म्हणायची सवय. आईला कळतंय सगळं, तुझं यंत्र आत्ता शिकलं!" आणि अख्खी पोळी ताटात पडली.

मी हसले. शार्दूलही हसला. प्रणव मात्र हसला नाही. त्याचा घास हातातच राहिला. उष्ट्या हातानं त्यानं लॅपटॉप ओढला आणि स्वतःच्याच मेंदूचा आलेख काढून बघत बसला.

"हे बघा," बऱ्याच वेळानं तो म्हणाला. पडद्यावर एक लाल लाट होती, बाकी सगळ्यांपेक्षा उंच. "हा नकार. माझा. यंत्राला तो चांगला दिसतोय."

"मग बोललं का नाही?"

"वहिनी, यंत्राला शिकवताना प्रत्येक प्रसंगाचं बरोबर उत्तर कोणतं ते सांगावं लागतं. आता माणसाच्या मनात नक्की काय होतं ते कुणाला ठाऊक? म्हणून आम्ही एक सोपी युक्ती केली. शेवटी काय झालं ते पाहिलं. पाहुणा नको नको म्हणाला आणि शेवटी पोळी खाल्ली, म्हणजे मनात होकारच होता असं धरलं. घरोघर हेच. पहिलं नको म्हणायचं असतं, आणि ते ऐकायचं नसतं."

"ते पाहुण्यांचं. मुलांचं काय?"

"तीच मोजपट्टी."

"मूल आंघोळ नको म्हणून रडलं, तर?"

"शेवटी आंघोळ झाली. म्हणजे होकार."

"आणि सुई टोचायला नको म्हणालं, तर?"

प्रणवनं खाली बघितलं. "शेवटी टोचली. होकार."

"ज्या घरात पोराच्या 'नको'नं गोष्ट तिथंच थांबली, अशी घरं तुम्हाला किती सापडली?"

"फारशी नाहीत, वहिनी. यंत्राला लाल लाट दिसते, पण ते शिकलंय की लाल लाट म्हणजे थोड्या वेळानं येणाऱ्या होकाराची सुरुवात. मग ते मधलं सगळं गाळून थेट शेवट बोलतं. आणि आईबाप खूश होते, म्हणून कुणी खोदून बघितलं नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे हजारो पोरं लाखो वेळा नको म्हणाली, आपण मोठ्यांनी ते मोडून काढलं, आणि ते मोडून काढलेलं सगळं गोळा करून त्याचा गोड आवाज केला. तो आवाज आता माझ्या पोरीच्या गळ्यात बांधून म्हणायचं, ही तिची वाचा.

शार्दूलनं हळूच विचारलं, "आणि मला ती 'बाबा, तुम्ही आवडता' म्हणाली, ते?"

"संध्याकाळी बाप समोर असला की घरोघरची मुलं असं काहीबाही म्हणतात, दादा. तिच्या डोक्यात सुखाची लाट असेल, यंत्रानं त्याचं वाक्य केलं असेल. किंवा नुसतीच सरासरी असेल." प्रणवचा आवाज बारीक झाला. "मला खरंच माहीत नाही."

शार्दूल उठून खाली गिरणीत गेला. दळण नव्हतं तरी त्यानं मोटर चालू केली. मी मागोमाग गेले तेव्हा म्हणाला, "तुला ते खोटं ठरवायचंय."

"मला ते काहीच ठरवायचं नाही. तिनं पालथी घातलेली वाटी तेवढी मला खरी धरायचीय."

"माझ्याकडं दुसरं काय आहे हेमा? तुला तिचं हो-नको कळतं. मला एक वाक्य मिळालं होतं."

मी वर निघून आले. त्यानं संमती मागं घेतली नाही.

समितीची बैठक साताऱ्यात होती. अध्यक्ष मृणालिनी कारखानीस, मुलांच्या निवृत्त डॉक्टर. मी आत शिरताच आधी कुरकुरणारा पंखा बंद करायला सांगितला. रणदिवेनं भुवया उंचावल्या, पण बाईंनी स्वतः उठून बटण दाबलं. प्रणव नोकरीची पर्वा न करता आला होता. त्यानं लाल लाट दाखवली, पोळीची गोष्ट सांगितली. समितीतले सगळे हसले. रणदिवेही हसला.

"मोठ्या माणसांचा शिष्टाचार वेगळा, मॅडम," तो म्हणाला. "लहान मूल भिडेखातर बोलत नाही. आपण मुलीलाच विचारू ना."

जुईला खुर्चीत बसवलं. पट्टी शार्दूलनं सकाळीच बांधली होती. जाळीची ती पारदर्शक डबी टेबलावर ठेवली. बाईंनी चित्रं दाखवली: डोकं, ऑपरेशन, जाळी. चांगली सोपी चित्रं होती. मग विचारलं, "जुई, ही जाळी तुझ्या डोक्यात बसवायची का?"

प्रश्न पुरता संपलाही नव्हता तोवर स्पीकर बोलला, "हो काकू, चालेल. बसवा."

लेखनिक टाइप करायला लागला.

"थांबा," मी म्हणाले. "हे यंत्राचं झालं. जुईचं अजून व्हायचंय. कुणी बोलू नका. आणि पुन्हा विचारू नका."

खोली गप्प झाली. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू झाली, गेली. रणदिवे पेन उघडझाप करत होता, मी त्याच्या हातातून ते काढून घेतलं. जुई खिडकीच्या गजाकडं बघत होती. लेखनिक जांभई दाबत होता. मला वाटायला लागलं, आज ती काहीच सांगणार नाही. मग तिचा हात पुढं आला. डबीवर गेला. डबी उलटी केली आणि परत मांडीवर येऊन बसला.

"हे माझ्या मुलीचं उत्तर," मी म्हणाले.

"ताई, भावना समजतात," रणदिवे म्हणाला. "पण ही भाषा नाही, लक्षण आहे. स्वमग्न मुलं वस्तू उलट्यासुलट्या करतातच. त्याला अर्थ असतो असं नाही."

"तुम्ही मान हलवलीत तर भाषा, आणि तिनं डबी उलटी केली तर आजार? तुमच्या यंत्राला कळायला सोपं जावं म्हणून तिनं काय करायचं राहिलंय? पंगतीत तिनं स्वतःचा हात चावला, तेव्हा तुमचा स्पीकर श्रीखंडाचं कौतुक करत होता. मी तिची भाषा शिकायला वर्षं घालवली. तुम्ही यंत्राला आमची सगळ्यांची शिकवली, तिची सोडून!"

आवाज चढला होता माझा. चढू दे. बाईंनी मला थांबवलं नाही. त्या शार्दूलकडं वळल्या. "तुम्ही संमती दिलीय. मुलगी दिवसाचा बराच वेळ तुमच्याबरोबर असते. तुम्हाला काय वाटतं? हे लक्षण आहे की उत्तर?"

शार्दूल उभा राहिला. माझ्याकडं बघणं त्यानं टाळलं.

"आमच्या गिरणीत डब्यांच्या रांगा असतात," तो म्हणाला. "ॲल्युमिनियमचे, प्लॅस्टिकचे, पिशव्या, पाट्या. तिच्या हाताशीच असतात. इतक्या वर्षांत तिनं त्यातलं एक भांडं उलटं केलेलं नाही. नुसतीच सवय असती तर माझा धंदा बसला असता." त्यानं पट्टीकडं बोट केलं. "एकच वस्तू ती रोज पालथी घालते. सकाळी ही पट्टी फळीवर पालथी पडलेली असते. मी सरळ करतो. ती पुन्हा पालथी घालते. मी पुन्हा सरळ करतो आणि तिला बांधतो. रोज. आजही." त्यानं रुमालानं तोंड पुसलं. "मला वाटायचं, पट्टी बांधल्यावर ती बोलते. ती बांधायच्या आधीच बोलत होती, मॅडम."

तो जुईजवळ जाऊन गुडघ्यावर बसला. पट्टीची गाठ सोडायला त्यानं तिच्या डोक्यामागं हात नेले, आणि स्पीकर म्हणाला, "बाबा, तुम्ही मला आवडता."

त्याचे हात थिजले. त्या क्षणी तो उठला असता, गाठ तशीच ठेवून परत जागेवर बसला असता, तरी मी त्याला दोष दिला नसता. मग त्यानं गाठ सोडली, पट्टी काढली, स्पीकर काढला, आणि दोन्ही वस्तू टेबलावर ठेवल्या. पालथ्या.

"माझी संमती मी मागं घेतो," तो म्हणाला.

जुई खिडकीच्या गजाकडंच बघत होती. तिनं कपाळ हातानं खसाखसा पुसलं.

कारखानीस बाईंनी चष्मा काढला. "आता आईवडिलांचं एकमत झालं. म्हणजे प्रकरण इथंच संपतं. मुलीचं मत नोंदवायची गरज नाही. पालकांनी नकार दिला, एवढं लिहिलं की पुरे."

"पुरे नाही," मी म्हणाले. "आम्ही नाही म्हणालो म्हणून जाळी बसणार नाही असं नाही. ती नाही म्हणाली म्हणून बसणार नाही. तिनं उत्तर दिलंय, तुमच्या सगळ्यांसमोर दिलंय. तेच लिहा."

"मॅडम, हा पायंडा पडेल," रणदिवे म्हणाला. पहिल्यांदाच त्याचं हसू गेलं होतं. "उद्या प्रत्येक आई उठून..."

"उठू दे," मी म्हणाले.

बाईंनी चष्मा पुन्हा लावला. मग लेखनिकाला म्हणाल्या, "मुलीचं उत्तर नोंदवा."

लेखनिकानं टाइप केलं आणि सवयीनं मोठ्यानं वाचून दाखवलं: "जाळीरोपणास बालिकेने तूर्तास नकार दिला आहे."

"तूर्तास कुठून आलं?" मी विचारलं.

तो गोंधळला. "आम्ही नेहमी असंच लिहितो, ताई. नकार असला की तूर्तास. एकदम नाही म्हटलं तर बरं दिसत नाही."

"दार जरा उघडं ठेवायला काय हरकत आहे?" रणदिवे मऊ आवाजात म्हणाला. "पुढच्या वर्षी पुन्हा विचारू."

"पोळी नाही ती, पुन्हा पुन्हा वाढायला. उद्या तिला हवीशी वाटली तर ती माझं मनगट धरून माझा हात तुमच्या डबीवर ठेवील, आणि मीच तिला घेऊन येईन. ती काय म्हणाली ते तुम्ही बघितलंत. त्यात 'तूर्तास' होतं का?"

लेखनिकानं टेबलावरच्या पालथ्या डबीकडं बघितलं.

"मग काढा ते."

लेखनिकानं बाईंकडं पाहिलं. बाईंनी मान हलवली. त्यानं शब्द पुसला, घसा साफ केला आणि पुन्हा वाचलं: "जाळीरोपणास बालिकेने नकार दिला आहे."